सहा मर्तबान आणि माझा फॉर्म

काशीला जाणाऱ्याकडून लोक गंगेचं पाणी मागवतात. माझ्या मावशीने माझ्याकडून मुलगा मागवला.

"येताना विनूला घेऊनच ये," ती म्हणाली. विनू म्हणजे जणू तिकडे कुणीतरी विसरून राहिलेली छत्रीच.

विनायक तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बँकेने त्याला बनारसला पाठवलं त्याला अठरा वर्षं झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या एका मराठी घरातल्या मंदाशी त्याचं लग्न झालं, आणि तो तिथे रमला की अडकला यावर आमच्या नातेवाइकांत दोन पक्ष पडले. आता बँकेने त्याला पुण्याची जागा देऊ केली होती. यायचं असेल तर शनिवारी दुपारपर्यंत लेखी कळवायचं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार. मावशी सांगलीत एकटी, पंचाहत्तरीच्या पुढची. पुणं म्हणजे तिच्या मते परसदार.

माझं तिकडे आणखी एक काम होतं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माणसं एक प्रांत सोडून दुसऱ्या प्रांतात जायचं मनात का आणतात, याचं मॉडेल करायचं मी तेव्हा हाती घेतलं होतं. वय, शिक्षण, नोकरी, घर स्वतःचं की भाड्याचं, तिकडे नातेवाईक किती, अशा गोष्टी विचारायच्या, प्रत्येकीला तिच्या महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचं आणि त्यावरून या माणसाच्या मनात जायचं कितपत आहे ते सांगायचं. बाकीचं काम विद्यापीठातला कॉम्प्युटर करणार होता. त्याला स्वतंत्र थंड खोली आहे आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात.

बनारसमधली मराठी माणसं या कामासाठी झकास होती. काहींची घराणी पेशवाईत गेलेली, काही रेल्वेत नाहीतर बँकेत बदलून गेलेली. त्यांची मनं तपासायची आणि जमलं तर त्यातलं एक मन सोबत आणायचं, असा माझा बेत. जिला उत्तर काय हवं ते आधीच ठाऊक आहे, तिला आमच्या शास्त्रात पक्षपाती निरीक्षक म्हणतात. आमच्या घरात तिला गुणी भाची म्हणतात.

मंगळवार

विनायकचं घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. घर त्याच्या सासऱ्यांचं. गल्ली इतकी अरुंद की समोरून बैल आला तेव्हा मी परक्या माणसाच्या ओट्यावर चढून उभी राहिले. ओट्यावरच्या गृहस्थांनी पेपरातून मान वर न करता "बैठिये" म्हटलं. आमच्याकडे अनोळखी बाई ओट्यावर चढली तर आधी चौकशी होते, मग बसणं.

दारात मंदा उभी होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे, मसाल्यात माखलेले.

"या या वन्सं! हात लावत नाही तुम्हाला, अचारात आहेत. ठंड खूप आहे, आधी गरम चहा घ्या, मग न्हाणं-बिणं. बिलकुल संकोच करू नका."

मंदाचं मराठी मला फार आवडतं. वाक्य पुण्याच्या दिशेने निघतं आणि वाटेत कुठेतरी गंगेत एक बुडी मारून येतं.

नाश्त्याला चूडा-मटर. हे आपले पोहेच, पण फोडणी तुपाची, आत कोवळे मटार, आलं, वरून मिरपूड. कांदा नाही, शेंगदाणे नाहीत. मी पहिला घास घेऊन ठामपणे म्हटलं, "हे पोहे नव्हेत." तिसऱ्यांदा ताटली पुढे केली तेव्हा मंदा हसली.

जेवताना मात्र तिने ताटात एक लाल मिरची वाढली. वीतभर लांब, पोटात मसाला भरलेली, मोहरीच्या तेलाने चकाकणारी. मी सांगलीची असल्याच्या गर्वात तिचा निम्मा तुकडा तोंडात टाकला. तेल नाकात गेलं आणि डोळ्यांतून बाहेर आलं.

"ही मागच्या वर्षीची आहे हो," मंदा पाठीवर थोपटत म्हणाली. "नवी तर आत्ता भरतेय. छतावर महिनोन्‌महिने धूप दाखवायची, तेव्हा कुठे मुरते. मग पुढचा जाडा येईपर्यंत पुरते."

तिच्या मराठीत धूप म्हणजे ऊन आणि जाडा म्हणजे हिवाळा. मी तेव्हा पाणी पीत होते. एवढं महत्त्वाचं वाक्य कानाशी आलं आणि मी ते टिपून घेतलं नाही.

जेवणानंतर मी लगेच पहिले तीन फॉर्म घरातच भरून घेतले. प्रश्न क्रमांक सात हा फॉर्मचा प्राण: येत्या वर्षभरात हा प्रांत सोडून जाण्याचा विचार आहे का?

विनायकने 'होय' वर खूण केली. "मंदाने इकडे सगळा जन्म काढला, ताई. तिलाही जरा मोकळी हवा मिळू दे."

मंदाने 'होय' वर खूण केली. "ह्यांची आई तिकडे एकटी. ह्यांचा जीव तिकडेच आहे. मी तर तयार आहे."

मंदाचे वडील, अण्णा, ऐंशीचे. जन्मभर पाठशाळेत संस्कृत शिकवलेलं. ते चष्मा पुसून म्हणाले, "होय! होयच लिहा. आम्ही मूळचे वाईजवळचे. सात पिढ्या झाल्या, जायचं नक्की आहे."

"कधी जाणार?"

"पुढल्या वर्षी," अण्णा म्हणाले.

बुधवार, गुरुवार

दोन दिवस मी गल्ल्या पालथ्या घातल्या. सकाळी चौकात मलइयो मिळायचं. थंडीत दवाखाली ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस, मातीच्या कुल्हडात. तोंडात घातला की नाहीसा होतो, तक्रार करायला पुरावा उरत नाही. तो खाऊन मी फॉर्म घेऊन निघायची. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांनी संप पुकारला. अमृतराव घाटावर विनायकच्याच गल्लीतल्या एका गुरुजींनी मला विचारलं, श्राद्ध करायचं आहे का. मी म्हटलं, सर्वेक्षण करायचं आहे. "त्यालाही संकल्प लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी मला घरी नेऊन फॉर्म भरताना खरोखर आधी आचमन केलं.

घरं बदलली, उत्तर बदललं नाही. शेजारचे, रेल्वेतले कुलकर्णी म्हणाले, "जायचं तर आहेच!" विद्यापीठातले प्राध्यापक म्हणाले, "ऑफ कोर्स." त्यांच्या मुलाने हिंदीत म्हटलं, "जाना तो है ही." गुरुजींनीही आचमन करून 'होय'च लिहिलं. प्रत्येकाने मला बसवलं, खाऊ घातलं, सांगलीला पाऊसपाणी कसं आहे ते विचारलं आणि दारापर्यंत येऊन सांगितलं की तेही लवकरच येताहेत.

एकानेच 'नाही' म्हटलं. रेल्वेत नुकताच बदलून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा जोशी नावाचा तरुण. "छे हो, इथे फार छान आहे," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "मला कुठेही जायचं नाही. हे ऑफिसात दाखवणार नाही ना?" नोकरी नवी, घर भाड्याचं, आईवडील नाशिकला. माझ्या मॉडेलनुसार तो सगळ्यात आधी पळायला हवा होता. अशा नमुन्याला आम्ही अपवाद म्हणतो आणि पुढे जातो.

गुरुवारी संध्याकाळी मी फॉर्मांचा गठ्ठा केला तेव्हा हर्षाने मला गुदगुल्या झाल्या. माझ्या कागदांप्रमाणे वर्षभरात बनारसमध्ये मराठी बोलायला फक्त जोशी उरणार होता. बाकीच्यांसाठी रेल्वेला जादा गाडी सोडावी लागली असती. एवढं स्वच्छ उत्तर संख्याशास्त्रात मिळत नसतं, आणि मिळालं तर काहीतरी चुकलेलं असतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. स्वतःला शिकवायचं राहून गेलं होतं.

त्याच आनंदात मी एक कार्ड लिहिलं: "ती. मावशीस, विनू येतोय. मंदाही तयार आहे. खोली झाडून ठेव." आणि ते पोस्टात टाकून आले.

शुक्रवार, छतावर

ऊन छान पडलं होतं म्हणून फॉर्म घेऊन मी छतावर गेले. तिथे भिंतीच्या कडेने मंदाच्या बरण्या उन्हात ठेवल्या होत्या. बरणीला तिकडे मर्तबान म्हणतात. तोंडांना पांढरी फडकी बांधलेली. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले, 'होय' चा गठ्ठा एकीकडे आणि जोशी एकीकडे ठेवला, 'होय' वर वरवंटा ठेवला आणि चष्मा आणायला खाली गेले.

वर आले तेव्हा एक भलंमोठं माकड वरवंटा बाजूला सारून गठ्ठा काखेत मारत होतं. जोशीला त्याने हात लावला नव्हता.

मी जी किंचाळले ती खाली अण्णांना ऐकू गेली. ते खाटेवरूनच ओरडले, "त्याला ओरडू नका, त्याला सौदा कळतो! मंदे, चना दे त्यांना, चना!"

माकड शेजारच्या छतावर उडी मारून बसलं आणि पहिला फॉर्म वाचायला घेतल्यासारखा चाळू लागलं. मंदाने माझ्या हातात चणे कोंबले. पन्नाशीची, कॉलेजात विभागात दोन नंबरची प्राध्यापिका मी, साडीचा पदर खोचून कमरेएवढी भिंत ओलांडून कुलकर्ण्यांच्या छतावर उतरले. माकडाने चणे घेतले, दोन फॉर्म टाकले आणि पुढच्या छतावर गेलं. मी मागे. तिथे प्राध्यापकांचं घर. चणे, तीन फॉर्म. त्याच्यापुढे आचमनवाल्या गुरुजींचं. असा आमचा व्यवहार पाच छतांवर चालला. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या छतांवर येऊन मला सूचना करत होत्या. मराठीत, हिंदीत, आणि माकडाच्या बाजूनेही.

शेवटचा फॉर्म हातात आला तेव्हा मी दम खायला टेकले. समोर गंगा, पलीकडे नुसती रेती. बाजूला पाहिलं तर मर्तबान. मी उठून उभी राहिले आणि आले त्या वाटेकडे पाहिलं. कुलकर्ण्यांकडे मर्तबान. प्राध्यापकांकडे मर्तबान, आणि वर माकडासाठी जाळी ठोकलेली. गुरुजींकडे तर मर्तबानांच्या दोन रांगा. दोन दिवस मी या सगळ्यांच्या बैठकीच्या खोल्यांत बसून चहा प्यायले होते. छतावर एकदाही आले नव्हते. वर्षभरात प्रांत सोडून चाललेल्या माणसांनी पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरतील एवढ्या मिरच्या भरून ठेवल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या घराच्या माडीवर जोशीची खोली. तिच्या गच्चीवर एक बनियन वाळत होता. बाकी काही नव्हतं.

मी परत येऊन मंदाचे मर्तबान मोजले. सहा. माझ्या कमरेपर्यंत येणारे.

खाली अण्णा वाटच बघत होते. मी त्यांच्यासमोर गठ्ठा आपटला. "अण्णा, तुम्ही सगळे खोटं का बोललात?"

"खोटं?" अण्णा दुखावले. "अहो, तुम्ही देशाकडून आलात, आमच्या दारात बसून विचारता, परत यायचं ना? तुम्हाला तोंडावर नाही म्हणायचं? माझ्या आजोबांनी कुणाला म्हटलं नाही, वडिलांनी म्हटलं नाही. देशाकडून पाहुणा आला की आम्ही 'होय, पुढल्या वर्षी' म्हणतो. त्याला बरं वाटतं. आम्हालाही बरं वाटतं, खरं सांगायचं तर." मग आवाज खाली करून म्हणाले, "मंदा मात्र तोंडाने म्हटलेलं करून टाकेल. तशी वेडी आहे ती. म्हणून मीही होय लिहिलं. माझ्यासाठी पोरीला इथे बांधून कसं ठेवू?"

मला फार वाईट वाटलं. लाजही वाटली. गप्प बसले असते तर माझं काम फत्ते होतं. विनायकचं होकाराचं पत्र लिहून तयार होतं, मावशीला कार्ड गेलं होतं, आणि मंदाच्या मनातलं फक्त मला कळलं होतं. मी ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात ठेवायचं, एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी मी दोनदा ठरवलं की ठेवायचं.

शनिवार

सकाळी कचौडी-जिलेबी होती. विनायक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, पत्र वरच्या खिशात. मंदा त्याला आग्रह करून वाढत होती. दोघंही इतकं गोड बोलत होते की मला ते बघवेना.

"मंदा," मी म्हटलं, "ते सहा मर्तबान पुण्याला कसे न्यायचे ठरवलंय?"

मंदाचा हात जिलेबीवर थांबला.

"ते... वाटून टाकेन शेजारपाजारी."

"सहा? कमरेएवढे? बँकेचं पत्र येऊन महिना झाला. मिरच्या तर तू या आठवड्यातही भरत होतीस."

"हात रिकामा राहवत नाही हो, वन्सं," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. मोहरीच्या तेलाचा त्यात काही संबंध नव्हता.

विनायक तिच्याकडे बघतच राहिला. "तुला जायचं नाहीये?"

"तुम्हाला जायचंय ना!"

"मला? मी तर तुझ्यासाठी..."

"थांबा," मी म्हटलं. आता मला हसू आवरत नव्हतं. "विनू, एवढ्या मिरच्या मंडईतून कुणी आणल्या?"

बँकेत मोठमोठ्या लोकांची कर्जं नाकारणारा माझा भाऊ शाळकरी पोरासारखा खाली बघायला लागला. "मीच. यंदा माल फार चांगला आला होता, ताई. एकेक निवडून आणली."

आतल्या खोलीतून अण्णांचा खो-खो हसण्याचा आवाज आला.

विनायकने खिशातलं पत्र काढून ताटाशेजारी ठेवलं. मंदाने ते उचलून कचौडीच्या द्रोणाखाली ठेवलं, म्हणजे त्या पत्राचं काय होणार ते ठरलं. पण विनायक हसला नाही. "आईला काय सांगू?" त्याने विचारलं. "अठरा वर्षं पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी म्हणतोय मी तिला."

हे म्हणजे अण्णांच्याच घरात शिकलेलं, पण त्या वेळी ते मी बोलले नाही.

"आईंनाच इकडे बोलावलं तर?" मंदा म्हणाली. "अण्णांच्या बाजूची खोली तर खाली आहे, रिकामी. धूप पण येते."

यावर मी तज्ज्ञाचा सूर लावला. "पंचाहत्तरीच्या पुढे वय, स्वतःचं घर, अख्खा जन्म एका गावात. असं माणूस हलत नाही, विनू. मॉडेलच सांगतं."

दोघांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शिकलेल्या माणसाचा हा एक धोका असतो. विनायक बँकेत जाऊन नकार देऊन आला. निघताना मंदाने मावशीसाठी एक लहान बरणी दिली, मागच्या वर्षीच्या मिरच्यांची, तोंडाला दोन फडकी आणि वर सुतळी बांधून.

स्टेशनवर, माझ्याच डब्यात, होल्डॉल आणि पत्र्याची ट्रंक घेऊन जोशी चढला.

"रजेवर?" मी विचारलं.

"हो, रजेवरच," तो ट्रंकेवर बसत म्हणाला. ट्रंकेला बादली आणि स्टोव्ह बांधलेला होता.

सांगली

घरी पोचल्यावर पहिल्यांदा मावशीकडे गेले. कार्ड देवाजवळ ठेवलेलं दिसलं आणि मी बरणी पुढे केली. मी काही बोलायच्या आत तिने बरणी हातात घेतली, फडकी सोडली, वास घेतला आणि विचारलं, "सुनेने यंदाच्या किती घातल्यात?"

"सहा बरण्या. मोठ्या," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "तुझं कार्ड आलं तेव्हाच म्हटलं, हिने बरण्या मोजलेल्या दिसत नाहीत."

मग तिने एक मिरची काढली, निम्मी तोडून तोंडात टाकली, आणि डोळ्यांतून पाणी न काढता शांतपणे खाल्ली. मीही मंदाच्या रिकाम्या खोलीचं सांगितलं ते सहज, बोलण्याच्या ओघात. सकाळी ऊन येतं म्हणून सांगितलं.

पुढे मी मॉडेलमध्ये एक नवी गोष्ट घातली: घरातल्या लोणच्याच्या बरण्या. आमच्या विभागप्रमुखांनी त्यावर लाल पेन्सिलीने एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं की कागद फाटला. मी पुन्हा लिहून दिलं.

हे सगळं आता लिहायचं कारण, परवा मावशीकडे गेले होते. ज्येष्ठ सरत आला होता. गल्लीत घरोघरी कैऱ्या फोडायचा आवाज, हळद-हिंगाचा वास. मावशीच्या हातचं कैरीचं लोणचं आम्ही सहा घरं वर्षभर खातो, म्हणून मी रिकामा डबा सोबत नेला होता. ती खिडकीत बसून निवांत हिंदी पेपर वाचत होती. हिंदी पेपर तिच्याकडे कधीपासून यायला लागला, ते मला माहीत नव्हतं.

माझ्या पिशवीत कोरे फॉर्म होतेच. मी एक काढला. "मावशी, येत्या वर्षभरात हा प्रांत सोडून जायचा विचार आहे का?"

"काहीतरीच काय विचारतेस!" ती म्हणाली. "मी कुठे जाणार या वयात? नाही म्हणून लिही."

मी 'नाही' लिहिलं आणि डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. फळीवर तिच्या सगळ्या बरण्या धुऊन, पुसून, उपड्या घालून ठेवलेल्या होत्या.